सिंहलद्वीपातील अपरिचित स्थळे : श्रीलंकेच्या सहलीस जाणाऱ्या उपासक-उपासिकांसाठी

श्रीलंकेला जाऊन आलेली माणसे आता आपल्या वर्धा जिल्ह्यातही भेटू लागली आहेत. कोणी सेवानिवृत्त शिक्षक असतात, कोणी रेल्वेतून निवृत्त झालेले, तर कोणी मुलाच्या पहिल्या पगारातून आईवडिलांना पाठविलेले. परत आल्यावर त्यांना काय पाहिले म्हणून विचारावे, तर उत्तर ठरलेले असते : कँडीचे दंतधातू मंदिर, अनुराधपूरचा महाबोधी, हत्तींचे अनाथालय, चहाचे मळे आणि एक दिवस समुद्रकिनारा. यांतले काहीच टाकाऊ नाही. पण ज्या बेटावर तथागतांचा धम्म बावीसशे वर्षांहून अधिक काळ टिकून आहे, त्या बेटाची ओळख एवढ्यावरच संपावी, ही खेदाची गोष्ट आहे.

आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. आम्ही अकरा जण एका यात्रा कंपनीबरोबर गेलो होतो. आमच्यात एक आजी होत्या, त्यांनी चार वर्षे भिशी लावून पैसे जमविले होते. त्या कंपनीच्या माणसाने आम्हाला रत्नांच्या दुकानात दोन तास बसविले, मसाल्याच्या बागेत दीड तास फिरविले आणि ज्या ठिकाणी त्रिपिटक प्रथम लिहिले गेले तेथे वीस मिनिटे दिली. आजी दुकानात काहीच घेणार नव्हत्या, त्या बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. पुढे जाणाऱ्या आपल्या माणसांचे असे होऊ नये, म्हणून हा लेख लिहीत आहे.

प्रथम वर्ध्याचा आणि सिंहलद्वीपाचा संबंध सांगितला पाहिजे. भदंत आनंद कौसल्यायन हे नाव आपल्याकडे ठाऊक नाही असा बौद्ध माणूस विरळा. १९०५ साली पंजाबात जन्मलेला हा तरुण १९२८ मध्ये सिलोनला गेला आणि तेथे भिक्खू झाला. पुढे १९४० च्या दशकात ते वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीचे काम पाहात होते. 'महावंस' हा सिंहलद्वीपाचा पाली इतिहासग्रंथ त्यांनी हिंदीत आणला. १९५९ नंतर ते पुन्हा काही वर्षे तिकडे हिंदीचे अध्यापन करण्यास गेले आणि अखेरची वर्षे त्यांनी नागपूरला काढली. १९८८ साली तेथेच त्यांचे निर्वाण झाले. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील बोधिवृक्षाच्या फांद्या त्यांनी अनुराधपूरहून आणल्या. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयातील बौद्ध अध्ययन केंद्राला आज त्यांचेच नाव आहे.

तर भदंतजी ज्या विद्यालंकार परिवेणात शिकले, ते कोलंबोच्या अगदी लगत पेलियागोडा येथे आहे. १८७५ साली ते स्थापन झाले. महापंडित राहुल सांकृत्यायन यांनीही तेथेच संस्कृत शिकविले आणि पाली आत्मसात केली. याच परिवेणाचे १९५९ मध्ये विद्यापीठ झाले, त्याला आज केलनिया विद्यापीठ म्हणतात. सगळे प्रवासी पुढे केलनियाच्या प्रसिद्ध विहाराकडे निघून जातात. परिवेणाच्या दारात कोणतीही बस थांबत नाही, कारण तिथे विकायला काही नाही. आपण मात्र तेथे जाऊन पाच मिनिटे उभे राहावे. लहान श्रामणेर ओळीने पाठ म्हणताना दिसतील.

कोलंबोतच आणखी एक जागा आहे, आणि ती पाहिल्याशिवाय आपल्या माणसाने परतू नये असे माझे मत आहे. आपण प्रत्येक विहारावर, प्रत्येक जयंतीला जो पंचरंगी धम्मध्वज लावतो, तो आला कोठून? अनेकांना तो फार प्राचीन वाटतो. वास्तविक तो १८८५ साली कोलंबोतील एका समितीने तयार केला. कर्नल ऑल्कॉट यांनी त्याच्या आकारात सुधारणा सुचविली. त्या वर्षी २८ एप्रिलला, वैशाख पौर्णिमेला, कोटाहेना भागातील दीपदुत्तमाराम विहारात भदंत मिगेट्टुवत्ते गुणानंद थेर यांनी तो फडकविला. ब्रिटिश सरकारने वैशाख पौर्णिमेची सुटी त्याच वर्षी पुन्हा सुरू केली होती, त्या आनंदात हा ध्वज जन्मला. पुढे जागतिक बौद्ध बंधुत्व परिषदेने तो सर्व बौद्ध जगाचा म्हणून मान्य केला. कोटाहेना हा बंदरालगतचा दाट वस्तीचा भाग आहे. देवळे, चर्च, मशिदी, विहार सगळे एकमेकांना लागून. रिक्षावाल्याला, तिकडे तिला थ्री-व्हीलर म्हणतात, विहाराचे नाव सांगितले की तो आणून सोडतो.

हेच गुणानंद थेर १८७३ साली पानदुरा येथे ख्रिस्ती मिशनऱ्यांशी झालेल्या जाहीर वादात बौद्धांच्या बाजूने उभे राहिले होते. त्या वादाचा वृत्तांत छापून अमेरिकेत पोचला, तो वाचून ऑल्कॉट १८८० मध्ये सिलोनला आले आणि त्यांनी गॉल येथे पंचशील घेतले. पुढे त्यांच्या सहवासात तयार झालेल्या अनागारिक धर्मपालांनी १८९१ मध्ये महाबोधी सोसायटी काढली आणि बुद्धगयेच्या मुक्तीचा लढा सुरू झाला. पानदुरा हे कोलंबोच्या दक्षिणेस गॉलच्या वाटेवरच आहे. तेथील रणकोत विहार पाहण्यास थोडा वेळ काढावा.

आता अलुविहार. कँडीहून दंबुल्लाकडे जाताना मातले गाव लागते, त्याच्या पुढे दोन-तीन किलोमीटरवर मोठमोठ्या शिळांच्या फटीत ही लेणी आहेत. आपल्या अजिंठ्यासारखी कोरीव भव्यता येथे नाही, ते मनात धरून जावे. पण इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, वट्टगामणी अभय राजाच्या काळात, येथे फार मोठे काम झाले. तोवर त्रिपिटक मुखोद्गत होते. एका पिढीने म्हणायचे, दुसरीने ऐकून पाठ करायचे. त्या काळात बेटावर परचक्र आले, मोठा दुष्काळ पडला, पाठ करणारे भिक्खू उपासमारीने मरू लागले. एखादा पाठ एकाच भिक्खूला येत असेल आणि तोच मेला, तर तो पाठ कायमचा गेला. या भीतीपोटी भिक्खू येथे जमले आणि त्यांनी सगळे ताडपत्रांवर उतरवून काढले. परंपरेने त्यांची संख्या पाचशे सांगितली जाते.

ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्यातील माणसाला या जागेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. आजही येथे ताडपत्रावर लिहिण्याची पद्धत दाखवितात. पाने उकळून, वाळवून, घोटून गुळगुळीत करतात. लोखंडी टोकदार लेखणीने अक्षर कोरतात, तेव्हा ते दिसतच नाही, नुसता ओरखडा असतो. मग त्यावर काजळी आणि तेल चोळून पुसले की काळी अक्षरे उमटतात. आमच्या आजींनी आपल्या नातवाचे नाव लिहवून घेतले. सिंहली लिपीत लिहिलेले ते नाव त्यांना वाचता येत नाही, पण तो पट्टा त्यांनी घरी बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावला आहे. येथील जुना ग्रंथसंग्रह १८४८ च्या मातले उठावाच्या वेळी इंग्रजी फौजेने नष्ट केला, हेही लक्षात ठेवावे.

कँडीबद्दल फार लिहीत नाही, कारण ते सगळे पाहतातच. मात्र १९५० च्या मे महिन्यात जागतिक बौद्ध बंधुत्व परिषदेची स्थापना झाली त्या वेळी परमपूज्य बाबासाहेब माईसाहेबांसह सिलोनला आले होते, हे आपल्या माणसाने तेथे उभे राहून आठवावे. बौद्ध धम्म लोकांच्या आचरणात कितपत जिवंत आहे हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. दीक्षेच्या सहा वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

आणि जे डोळ्यांनी पाहायचे त्यात जातही आली. ही गोष्ट सांगावी की नाही असा विचार केला, पण सांगणेच योग्य. श्रीलंकेतील भिक्खूसंघात जात आहे. १७५३ साली सयामहून उपालि थेर आले आणि खंडित झालेली उपसंपदा पुन्हा सुरू झाली, हे मोठे कार्य. परंतु थोड्याच वर्षांत या सयाम निकायाने गोविगम या वरच्या समजल्या गेलेल्या शेतकरी जातीखेरीज इतरांना उपसंपदा देणे बंद केले. किनारपट्टीवरील दालचिनी सोलणारे, मासेमारी करणारे, ताडी काढणारे लोक बाहेर राहिले. त्यांनी काय केले? रडत बसले नाहीत. अंबगहपिटिये ज्ञानविमल हे श्रामणेर १७९९ मध्ये काही सोबत्यांना घेऊन समुद्रमार्गे ब्रह्मदेशात गेले, अमरपूर या राजधानीत त्यांनी उपसंपदा घेतली आणि १८०३ मध्ये परत येऊन बालपिटिया येथे मदू गंगेच्या पाण्यावर सीमा बांधून उपसंपदेचा विधी केला. तोच अमरपूर निकाय.

बालपिटिया कोलंबो-गॉल मार्गावर आहे आणि मदू गंगेतील नौकाविहार प्रवाशांत लोकप्रिय आहे. कांदळवनाच्या बोगद्यातून बोट जाते, माकडे दाखवितात, माशांकडून पाय चावून घ्यायला लावतात. हे सगळे होते, पण या पाण्यात दोनशे वर्षांपूर्वी काय घडले ते बोटवाला सांगत नाही, बहुधा त्यालाही ठाऊक नसते. बोट कोथदूव नावाच्या लहान बेटावर थांबते. तेथे विहार आहे आणि बोधिवृक्ष आहे. तेथे उतरून वंदना घ्यावी. उतारूंच्या गडबडीत पाच मिनिटे मागून घ्यावी लागतात, मागितली की मिळतात. पुढे अमरपूर निकायातही जातीनुसार पोटशाखा पडल्या, हे खरे आहे. आपल्याकडेही पोटजातींचे काय झाले ते आपण जाणतो.

अनुराधपूरला जाणारे मिहिंतलेलाही जातात. महेंद्र थेर आणि देवानंपिय तिस्स राजा यांची भेट जेथे झाली तो हा डोंगर. बहुतेक लोक पायऱ्या चढून थेट वर जातात, धापा टाकीत स्तूप पाहतात आणि उतरतात. पण खरी गंमत खाली आहे. पायथ्याशी नवव्या शतकाच्या सुमाराच्या रुग्णालयाचे अवशेष आहेत. मध्ये अंगण, भोवती खोल्या, आणि एक दगडी द्रोणी, जिच्या आत माणसाच्या शरीराचा आकार कोरला आहे. औषधी तेलात किंवा काढ्यात रोग्याला निजविण्यासाठी ती होती. वर थोडे चढल्यावर भोजनशाळेजवळ दोन भल्या मोठ्या शिळा उभ्या दिसतात. दहाव्या शतकातील चौथ्या महिंद राजाचे हे शिलालेख. विहाराच्या कोणत्या सेवकाला किती धान्य, किती जमीन, भिक्खूंनी दिवस कसा घालवावा, हे सारे त्यात आहे. हिशेब रोज लिहावा, पेटीत बंद ठेवावा आणि वर्षाअखेर संघापुढे वाचून दाखवावा, असाही नियम त्यात आहे. आमच्याबरोबर एका मंडळाचे कोषाध्यक्ष होते. ते या शिळेपुढे बराच वेळ उभे राहिले, आणि बाकीच्यांनी त्यांची पुष्कळ थट्टा केली.

आपण शेतकरी माणसे, म्हणून कालवेव तलावाचा उल्लेख करतो. औकन येथील चाळीस फुटांहून उंच अखंड पाषाणातील उभी बुद्धमूर्ती पाहायला जाल, तेव्हा हा तलाव जवळच आहे. पाचव्या शतकात धातुसेन राजाने तो बांधला. येथून अनुराधपूरपर्यंत जयगंगा नावाचा कालवा जातो. त्याच्या पहिल्या सतरा मैलांत उतार मैलाला जेमतेम सहा इंच आहे. दीड हजार वर्षांपूर्वी हे कोणत्या साधनाने मोजले असेल, याचा विचार आपल्याकडच्या कालवा निरीक्षकांनी करावा. धातुसेनाला त्याचा मुलगा कश्यप याने कैद केले आणि खजिना कोठे आहे म्हणून विचारले. राजाने कालवेवच्या काठी नेण्यास सांगितले, ओंजळीत पाणी घेतले आणि माझे सारे धन हेच, असे उत्तर दिले, अशी कथा जुन्या ग्रंथात आहे. कश्यपाने बापाला मारले आणि नंतर सिगिरियाच्या खडकावर महाल बांधला. गंमत अशी, की सिगिरियाला रांगा लागतात आणि कालवेवच्या बंधाऱ्यावर कोणी नसते. आम्ही संध्याकाळी तेथे होतो. बाया कपडे धूत होत्या, मुले म्हशींना पाण्यात घालीत होती. अगदी आपल्या बोर धरणाच्या काठावर असल्यासारखे वाटले.

पायांत बळ असेल त्यांनी रिटिगला हे अरण्यातील विहारस्थळ पाहावे. पांसुकूलिक, म्हणजे टाकून दिलेल्या चिंध्यांचे चीवर वापरणाऱ्या भिक्खूंची ही जागा. येथे मूर्ती नाही, नक्षी नाही, नुसते दगडी चौथरे आणि झाडी. वयस्कर मंडळींनी हट्ट धरू नये, जळवा असतात. दक्षिणपूर्वेकडे वेल्लवाय गावाजवळ बुदुरुवागल येथे एका खडकावर सात मूर्ती कोरल्या आहेत, मधली बुद्धमूर्ती पन्नास फुटांच्या घरात आहे, आणि बाजूला अवलोकितेश्वर व तारा आहेत. थेरवादी देशात एके काळी महायानही नांदत होता, याचा हा पुरावा. ज्यांनी औरंगाबाद आणि कान्हेरीची लेणी पाहिली आहेत, त्यांना हे ओळखीचे वाटेल.

सर्वांत दूर आणि सर्वांत कमी लोक जातात ते उत्तरेला, जाफन्याकडे. १९८३ पासून २००९ पर्यंत तेथे यादवी युद्ध होते. यात्रा कंपन्या अजूनही तिकडे सहसा नेत नाहीत. मला मात्र संपूर्ण प्रवासात तेच दोन दिवस अधिक आठवतात.

जाफन्याच्या उत्तर किनाऱ्यावर दंबकोळ पटुण आहे, म्हणजे महावंसातील जंबुकोळ बंदर. संघमित्रा थेरी बोधिवृक्षाची फांदी घेऊन येथे उतरल्या, अशी परंपरा आहे. आजचा विहार नवा आहे, समुद्र मात्र तोच. आपल्या महिला मंडळांनी ही जागा अवश्य पाहावी, कारण सिंहलद्वीपातील भिक्खुणीसंघाचा आरंभ याच आगमनाने झाला.

तेथून नागदीप. जाफन्याहून पुलांच्या रस्त्याने कुरिकट्टुवान धक्क्यावर यायचे आणि बोटीत बसायचे. बोट लहान असते, गर्दी असते, आत बसल्यास उकडते. पण प्रवास अर्ध्या तासाच्या आतला आहे. महावंस सांगतो, की चूलोदर आणि महोदर या दोन नागराजांत एका रत्नजडित आसनावरून युद्ध पेटले, तेव्हा बुद्धांनी येथे येऊन ते मिटविले. ही कथा आहे, इतिहास नव्हे. पण बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात धम्मदीक्षेसाठी नागपूर का निवडले हे सांगताना नाग लोकांनी धम्म पसरविला हे कारण दिले होते. तेव्हा नागांच्या बेटावर पाय ठेवताना नागपूरकडच्या माणसाला काय वाटते, ते सांगायला नको. बेटावर बौद्ध विहार आहे आणि जवळच तमिळ हिंदूंचे नागपूषणी अम्मनचे मोठे मंदिर आहे. एकाच बोटीतून दोन्हीकडचे भाविक येतात.

विहारात आम्ही वंदना घेत होतो. शेजारी पांढऱ्या वस्त्रांतील सिंहली बाया बसल्या होत्या. आमच्यापैकी कोणाला सिंहली येत नव्हते, त्यांना हिंदी-मराठी येत नव्हती. आजींनी त्रिसरण सुरू केले, तशा त्या बायाही म्हणू लागल्या. चाल वेगळी, उच्चार थोडे वेगळे, शब्द तेच. संपल्यावर त्यांनी साधू साधू साधू म्हटले आणि एकीने आपल्या डब्यातला भात आजींपुढे केला.

उत्तरेत जाताना एक भान ठेवावे. तेथील तमिळ लोकांनी फार सोसले आहे. नव्या विहारांकडे त्यातले अनेक जण संशयाने पाहतात, आणि त्याला कारणे आहेत. १९८१ साली जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय जाळले गेले, त्यात सुमारे सत्त्याण्णव हजार ग्रंथ आणि ताडपत्रे गेली. आता ती इमारत पुन्हा उभी आहे. अलुविहाराला जाणाऱ्याने हे ग्रंथालयही पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. जवळच कंदरोडै येथे लहान लहान स्तूपांचा एक समूह आहे. एके काळी तमिळ लोकांतही बौद्ध होते. 'मणिमेखलै' हे तमिळ महाकाव्य तर बौद्ध भिक्खुणीचेच आहे.

आता थोडे व्यवहाराचे. पूर्वी चेन्नईहून बोट मेल गाडीने धनुष्कोडी आणि तेथून जहाजाने तलैमन्नार असा सिलोनचा मार्ग होता, तो १९६४ च्या वादळात उद्ध्वस्त झाला. आता सेवाग्राम स्थानकावरून चेन्नईला रेल्वेने जावे आणि तेथून विमान घ्यावे, ते सव्वा-दीड तासात कोलंबोला पोचते. नागपट्टिनमहून कांकेसंथुरै येथे जाणारी जहाजसेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली आहे, मात्र ती समुद्राच्या लहरीवर चालते, म्हणून तिच्या भरवशावर परतीचे तिकीट काढू नये. नैर्ऋत्य किनाऱ्यावर मे ते सप्टेंबर पाऊस असतो, तर उत्तर-पूर्वेकडे नोव्हेंबर ते जानेवारी. फेब्रुवारी-मार्च हे महिने दोन्हीकडे बरे.

प्रत्येक पौर्णिमेला तेथे सरकारी सुटी असते, तिला पोय म्हणतात. त्या दिवशी विहार गजबजलेले असतात आणि वैशाखात रस्त्यारस्त्यांवर दन्सल म्हणजे मोफत अन्नदानाचे मंडप लागतात. विहारात पांढरे कपडे घालावे. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी दगड तव्यासारखे तापतात, म्हणून मोजे जवळ असावेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणे तेथे अपमानाचे समजतात. आपली तरुण मुले येथे नेमकी चुकतात. पुरातत्त्व स्थळांवर सार्क देशांच्या नागरिकांना तिकिटात सवलत मिळत आली आहे, ती मागताना पासपोर्ट दाखवावा लागतो.

आणि कंपनीबरोबर जाणार असाल, तर पैसे भरण्यापूर्वी वरील स्थळांपैकी निदान तीन नावे त्यांच्याकडून कार्यक्रमपत्रिकेत लिहून घ्या, आणि प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबणार तेही. तोंडी शब्दावर जाऊ नका. दहा-बारा जण एकत्र आल्यास स्वतःच एक गाडी आणि चालक ठरविणे उत्तम. तिकडचे चालक बहुतेक स्वतः बौद्ध असतात. अलुविहार, बालपिटिया, नागदीप ही नावे घेतली की त्यांचा चेहरा बदलतो, आणि रत्नांचे दुकान ते आपणहून विसरतात.